जुन्या कॅम्परमधला गॅस हीटर: सात महिन्यांचा अनुभव, आणि बदलायला निघालेला हीटर कसा वाचला

रात्री अडीचच्या सुमाराला हीटरमधून 'टक्' असा आवाज यायचा. ज्यांच्या गाडीत पायलटवाला (मुख्य बर्नर पेटवायला सतत जळणारी छोटी ज्योत असलेला) जुना हीटर आहे त्यांना हा आवाज लगेच कळेल. सेफ्टी व्हॉल्व्हमधलं चुंबक सुटलं, गॅस बंद. बाहेर उणे पाच, पत्र्याची भिंत, तासाभरात आतसुद्धा वाफ दिसायला लागते. मग उठायचं, जमिनीवर बसून हीटरच्या खालच्या खिडकीतून ज्योत बघायची, बटण दाबून धरायचं आणि सेकंद मोजायचे.

गाडी, म्हणजे आत राहता-झोपता येईल असा कॅम्पर, वीस वर्षांहून जुनी आहे आणि हीटर मूळचाच. बाहेरून हवा घेणारा, धूर बाहेर सोडणारा, पंखा नसलेला. रचना वापरणाऱ्यांना ठाऊक आहे, ती सांगत बसत नाही. सात महिने आणि साधारण नव्वद रात्री वापरल्यानंतर लिहितोय. पहिल्या दोन महिन्यांनंतर लिहिलं असतं तर 'घेऊ नका, असेल तर काढून टाका' एवढंच लिहिलं असतं.

आधी बटणाबद्दल, कारण माझा सगळा राग त्याच्यावर होता. पायलट पेटला की थर्मोकपल (ज्योत जळतेय की नाही हे ओळखणारी धातूची कांडी) तापेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं. दहा-बारा सेकंद ठीक आहे. माझ्याकडे पंचवीस, मग चाळीस, एका पहाटे पंचावन्न सेकंद झाले. त्या बटणाची स्प्रिंग इतकी कडक आहे की अंगठा पांढरा पडतो, आणि हीटरचं कव्हर इतकं खाली की बसूनही हात धड पोचत नाही. ज्याने हे बटण तिथे बसवलं त्याने ते एकदाही गारठलेल्या हाताने दाबून पाहिलेलं नाही, याची मला खात्री आहे. चिडून मी रोजचे सेकंद वहीत लिहायला लागलो. तारीख, बाहेरचं तापमान, सेकंद. पुढे ही वहीच कामाला आली.

सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या माणसाने सिलिंडर उघडला, सगळी उपकरणं बंद ठेवून दाब मोजला, 'दाब बरोबर आहे' म्हणाला आणि निदान दिलं: हीटर जुना झाला, बदला. मी विचारलं, नक्की काय खराब आहे? 'साहेब, एवढा जुना हीटर कोण दुरुस्त करतो?' हे उत्तर नाही. मी त्यांना सांगितलं होतं की मुख्य बर्नर मोठा पेटला की पायलटची ज्योत बारीक होते आणि अर्ध्या मिनिटात टक् होतं. ते कुणी कागदावर लिहूनसुद्धा घेतलं नाही. तपासणीचे पैसे मात्र पूर्ण घेतले. एका छोट्या भागासाठी अख्खा हीटर फेकायचा हे मला पटत नाही, कधीच पटलं नाही, म्हणून गाडी परत आणली.

थर्मोकपलवर संशय घेणं साहजिक होतं. त्याचं काम सरळ आहे: पायलटच्या ज्योतीत टोक तापलं की दोन धातूंच्या जोडावर थोडासा विद्युतदाब तयार होतो, आणि तेवढ्यावर व्हॉल्व्हमधलं चुंबक धरून राहतं. व्हॉल्व्हकडचं टोक सोडवून मोजलं तर चांगल्या थर्मोकपलने वीस ते तीस मिलिव्होल्ट द्यायला हवेत. एकट्याने हे जमत नाही, कारण टोक सोडवलं की चुंबक धरतच नाही, बटण सतत दाबून ठेवावं लागतं. बायकोने बटण धरलं, मी मल्टिमीटर. आकडा नऊवर अडकला. नवीन थर्मोकपल आणलं, नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा दिला (जास्त आवळलं तर टोकाचा इन्सुलेटर चेपतो). पंधरा सेकंदांत धरलं. आठवडाभर मी खूश होतो.

मग थंडी वाढली आणि वहीतले सेकंद परत वर चढले. अठरा, तीस, छत्तीस.

दुसरा संशय गॅसवर. ही चूक अनेकांकडून होते, म्हणून सविस्तर लिहितो. ब्युटेन शून्याच्या आसपास उकळतो, म्हणजे त्याखाली त्याची पुरेशी वाफच होत नाही. सिलिंडर भरलेला असून रिकाम्यासारखा वागतो. प्रोपेन उणे 42 पर्यंत वाफ देतो. मिश्र गॅस असेल तर आधी प्रोपेन जास्त उडून जातो आणि तळाला ब्युटेन उरतो, त्यामुळे पहिला अर्धा सिलिंडर छान चालतो आणि दुसरा अर्धा ऐन थंडीत दगा देतो. माझा सिलिंडर मिश्र होता. निव्वळ प्रोपेनचा घेतला. फरक पडला, पण पहाटेचं टक् पूर्ण गेलं नाही.

इथून माझं मत बदलायला सुरुवात झाली. वही चाळताना लक्षात आलं की शेगडी चालू असताना हीटर पेटवला की सेकंद हमखास दुप्पट. शेगडीचा आणि थर्मोकपलचा संबंध काय? काहीच नाही. दोघांत सामाईक आहे तो फक्त दाब.

दाब मोजायला महागडं यंत्र लागत नाही. पारदर्शक नळी यू आकारात फळीवर बसवली, अर्धी पाण्याने भरली, पाण्यात शाईचे दोन थेंब टाकले. एक मिलिबार म्हणजे दोन बाजूंच्या पातळीत जवळजवळ एक सेंटिमीटर फरक. माझ्या हीटरच्या माहितीच्या पट्टीवर 30 मिलिबार लिहिलंय, म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. (जुन्या काही गाड्यांत 50 मिलिबारची उपकरणं असतात, आधी पट्टी वाचा. 50 च्या उपकरणाला 30 चा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरचा दाब ठरावीक आकड्यावर आणणारा भाग, लावला तर ज्योत कायमच मरगळलेली राहील.) गॅसच्या जोडण्यांना मी हात लावत नाही. परवाना असलेल्या एका तंत्रज्ञाला बोलावलं, त्याने चाचणीच्या तोंडाला माझी नळी लावून दिली आणि शेवटपर्यंत थांबला. हा माणूस सर्व्हिस सेंटरवाल्याच्या अगदी उलट: आधी माझी वही वाचली, मग पाना उचलला.

सगळं बंद: चौतीस सेंटिमीटर. सर्व्हिस सेंटरने पाहिलेला 'बरोबर' दाब हाच. पायलट पेटवला: एकोणतीस. हीटर पूर्ण: निळी पातळी सरसर उतरली, सतरा. शेगडीचा एक बर्नर लावला: अकरा. आणि आमच्या डोळ्यांसमोर पायलटची ज्योत थर्मोकपलच्या टोकावरून सरकून खाली बसली. ज्योत टोकाला नीट शिवतच नव्हती. मिलिव्होल्ट येणार कुठून?

माझी सगळ्यांना एकच कळकळीची विनंती आहे: बंद उपकरणांवरचा दाब धरून निदान करू नका. वाट अर्धी तुंबलेली असली तरी वाहत नसताना दाब पूर्ण दिसतो. सगळं चालू करा आणि मग मोजा.

दोषी निघाला रेग्युलेटर. आधीच्या मालकाने तो सिलिंडरच्या कप्प्यात अगदी तळाशी बसवला होता, आणि सिलिंडरकडून येणारी रबरी नळी वरून खाली उतरत त्याच्यात शिरत होती. अशा नळीतून गॅसबरोबर तेलकट अंश उतरतो आणि सखल जागी साचतो. तंत्रज्ञाने नळी सोडवून कागदावर झटकली तेव्हा पिवळसर, चिकट थेंब पडले. मधासारखे नव्हे, जुन्या मशीन ऑइलसारखे, आणि वास डोक्यात जाणारा. थंडीत हे घट्ट होतं, म्हणून रात्री त्रास जास्त. नळीवर छापलेली तारीख पुसट झाली होती, पण वाचता आली. दहा वर्षं केव्हाच उलटली होती. रेग्युलेटर उघडून साफ करायची वस्तू नाही. नवीन घेतला, कप्प्याच्या वरच्या भागात, सिलिंडरच्या तोंडापेक्षा उंच बसवून घेतला, आणि पूर्ण वाटेत चढच राहील अशी स्टीलची जाळीदार नळी टाकली. साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड तपासला. परत मोजलं: हीटर पूर्ण, शेगडी चालू, फ्रिज चालू, एकोणतीस सेंटिमीटर. तीस सेकंद आम्ही तिघं त्या निळ्या रेषेकडे नुसते बघत होतो.

मग मी घरी येऊन एक गोष्ट केली. काढून ठेवलेलं जुनं थर्मोकपल परत बसवलं. बायकोने बटण धरलं, मल्टिमीटरवर बावीस मिलिव्होल्ट आले. ते कधी खराब नव्हतंच! आज तेच गाडीत आहे, आणि नवीन आणलेलं थर्मोकपल डब्यात, सुटा भाग म्हणून. बटण आता नऊ-दहा सेकंदांत धरतं. स्प्रिंग अजून तेवढीच कडक आहे आणि जागा अजून तेवढीच चुकीची. त्याबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही.

फ्रिजबद्दल थोडक्यात. आमचा अ‍ॅब्सॉर्प्शनचा आहे, म्हणजे ज्योतीच्या उष्णतेवर चालणारा, अमोनिया-पाणी-हायड्रोजनवाला. ही कल्पना 1922 साली स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांची, आणि हलता भाग एकही नाही. दाब सुधारल्यावर तोही सुधारला, पण पूर्ण नाही. धुराड्यातून गंजाचे पापुद्रे खाली बर्नरवर पडत होते. धुराड्यातली पट्टी काढून ते ब्रशने साफ केलं, बर्नर झटकला. जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) तारेने टोचू नका, भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा आणि फुंकर मारून वाळवा. गाडी सपाट उभी नसेल तर मात्र हा फ्रिज कितीही साफ करा, थंड होणार नाही.

एक गोष्ट लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो. या सगळ्या दोन महिन्यांत शेगडीची ज्योत टोकाला पिवळी होती आणि मी ती चालवून घेतली. पिवळी ज्योत म्हणजे अर्धवट जळणं, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो, ज्याला वास नाही. भिंतीवरचा अलार्म हिरवा दिवा दाखवत होता म्हणून मी निश्चिंत होतो. रेग्युलेटर बदलायच्या दिवशी तंत्रज्ञाने अलार्म उलटा करून मागची तारीख दाखवली: मुदत संपून तीन वर्षं झाली होती. त्याच दिवशी दोन अलार्म आणले. कार्बन मोनॉक्साइडचा झोपताना डोकं जिथे असतं त्या उंचीवर, आणि गॅसगळतीचा जमिनीलगत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाला साचतो. जमिनीतली गॅस बाहेर पडायची भोकंही त्याच दिवशी मोकळी केली. एक गालिच्याखाली पूर्ण झाकलेलं होतं.

त्यानंतर चाळीसेक रात्री झाल्या. सर्वांत गार रात्र उणे अकरा. वहीत शेवटची नोंद: नऊ सेकंद, पहाटेचं टक् नाही.