करवंदीला घरी जागा कुठली द्यायची? एक पावसाळा न् एक उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये घराभोवती करवंदीची रोपं लावली, आणि ती मुद्दाम वेगवेगळ्या जागी लावली कारण मला बघायचंच होतं की आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडच्या जांभ्याच्या जमिनीत हिला नक्की कुठे मानवतं. आता मे आलाय, रोपांनी पाऊस पण बघितला आणि ऊन पण, म्हणून लिहिते. फळाचं आधीच सांगून टाकते, बियांपासून केलेल्या रोपाला करवंदं धरायला साधारण तिसरं वर्ष तरी लागतं, त्यामुळे हा अनुभव जागेचा आहे, टोपलीभर करवंदांचा नाही.

सगळ्यात भारी जागा निघाली ती पश्चिमेकडच्या गडग्याची, म्हणजे दगडी कुंपणाची. तिथे माती वीतभर, खाली कातळ, दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत सरळ ऊन, आजवर तिथे काहीच नीट धरलं नव्हतं. खड्डा दीड फुटाचाच पण पहारीने खणावा लागला, त्यात तीच माती, कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा, बस्स. पाऊस सरेपर्यंत रोप गच्च झालं, बुडातूनच फांद्या फुटल्या, पानं जाड चकचकीत, आणि डिसेंबरनंतर बाकी सगळं सुकायला लागलं तरी हे हिरवंच. तसं यात नवल नाही म्हणा, सत्तरी, पेडणे तालुक्यांत सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, फिरलेल्या माणसाला माहीत असतं की जिथे गवत पण करपतं तिथे करवंदीच्या जाळ्या मजेत असतात. पण घरी लावताना आपण ते विसरतो आणि लाडाने तिला चांगली ओली जागा द्यायला जातो.

तशी चांगली जागा म्हणजे आमच्या विहिरीजवळची, फणसाखालची. काळी भुसभुशीत माती, ओल कायम. तिथलं रोप गडग्याकडच्यापेक्षा उंच झालंय, बघणाऱ्याला वाटेल हेच जास्त छान आहे, पण नीट बघितलं तर फांद्या बारीक, पानं लांब लांब अंतरावर, आणि सगळं झुडूप उजेडाकडे वाकलेलं. सावलीत करवंद मरत नाही, पण फुलाफळासाठी उघडं ऊन हवंच, दिवसाचे पाच-सहा तास तरी. नुसती हिरवी जाळी हवी असेल तर सावली चालेल, करवंदं खायची असतील तर नको.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. करवंदीला उन्हाचा त्रास होत नाही, साचलेल्या पाण्याचा होतो. घराच्या मागे कौलांची पागोळी पडते त्या रेषेत एक रोप होतं, ऊन तिथेही भरपूर, पण जुलैभर बुंध्याशी डबकं आणि ऑगस्टमध्ये पानं पिवळी पडून ते गेलं, उपटून बघितलं तर मुळं काळी पडून कुजलेली. त्याच ओळीत हातभर बाजूला, थोड्या उंचवट्यावर लावलेलं मस्त जगलंय! म्हणून माझं ठाम मत असं की करवंदीची जागा मे महिन्यात ऊन बघून ठरवू नका, जुलैत धो धो पाऊस थांबल्यावर बाहेर पडा आणि पाणी कुठून वाहतं, कुठे तासन् तास राहतं ते बघा, राहत असेल ती जागा बाद. पर्यायच नसेल तर चिऱ्याचे तुकडे खाली घालून मातीचा उंचवटा करा आणि त्यावर लावा.

काट्यांचा पण विचार लावण्याआधीच करायचा. काटे जोडीने येतात, टोकाला कधी कधी परत फुटलेले असतात, आणि झुडूप पसरून सहा-सात फूट सहज जागा धरतं. फाटकाजवळ, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, पोरं खेळतात त्या वाटेवर नकोच. हद्दीला लावा, वईचं म्हणजे कुंपणाचं काम आपोआप होतं. आमच्या आई म्हणाल्या, "अगो, एकदा जाळी वाढली की गुरं आत शिरणार नाहीत." ते खरं आहे, पण पहिल्या वर्षी काटे कोवळे असतात आणि शेंडे बकऱ्या आवडीने खातात, तेव्हा सुरुवातीला झावळ्यांचा आडोसा लागतो.

पाण्याचं म्हणाल तर पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा घातलं, एकदा मुळं खोल गेली की तेही लागत नाही. पावसात एक जाडजूड हिरवी अळी आली, डोळ्यासारखे निळे ठिपके असलेली, तीच जी कण्हेरीवर आणि तगरीवर येते, एका रात्रीत शेंडा साफ करते. हाताने काढून टाकली, फवारणी केली नाही. कण्हेर न् करवंद एकाच कुळातली, दोघांना पांढरा चीक, पण कण्हेर विषारी आहे, त्यामुळे घरात लहान मुलं असतील तर ही दोन झाडं शेजारी शेजारी लावू नका, पोरांना फरक कळत नाही.

रोप घेताना कुठल्या करवंदाचं आहे ते विचारून घ्या. नर्सरीत बऱ्याचदा गुलाबी-पांढऱ्या मोठ्या फळाचं मिळतं, लोणच्याला आणि केकवरच्या लाल चेरीसारखं पाकवायला ते चांगलं, पण म्हापशाच्या बाजारात बायका पानात घालून विकतात ती काळी गोड करवंदं वेगळी. ती हवी असतील तर पिकलेली आणा, खा, आणि बिया लगेच पेरा, ठेवून दिल्या तर उगवायची ताकद पटकन जाते. घाई असेल तर गुटी कलम (झाडावरच फांदीला मुळं फोडून केलेलं रोप) बघा, माझ्याकडच्या एका कलमाला फेब्रुवारीतच फुलं आली, पांढरी, जाईसारखी, संध्याकाळी छान वास.

छाटणीचं एकच, फुलं फांद्यांच्या शेंड्यांकडे येतात, म्हणून थंडीत कात्री लावायची नाही, फळं संपली की पावसाच्या तोंडावर काय ते कापा. आणि सारखी कापून चौकोनी भिंत केलीत तर करवंदं फार मिळायची नाहीत.

या जूनमध्ये गडग्याच्या उरलेल्या लांबीला अजून रोपं लावणार आहे. वईसाठी दोन-तीन फुटांवर एक, आणि कोपऱ्यातली दोन खास फळांसाठी, त्यांना सहा-सात फूट मोकळे ठेवणार. फणसाखालचं पण आता पहिला पाऊस पडला की काढून तिकडेच नेते.