नर्व्ह कंडक्शन टेस्ट: आधी हात शेकणारं सेंटर

नर्व्ह कंडक्शन टेस्ट म्हणजे नर्व्हला (चेतातंतूंच्या जुडग्याला) विजेचा झटका देऊन संदेश किती वेगाने जातो आणि पडद्यावर केवढी लाट उमटते ते मोजणं. पुण्यातल्या या छोट्या सेंटरमधलं त्याचं मशीन साधंच आहे. तरीही इथला रिपोर्ट भरवशाचा वाटतो, आणि त्याचं कारण टेबलावरच दिसतं: कातडीचं तापमान मोजायचा प्रोब, शेकायची पिशवी आणि शिंप्याकडे असते तशी टेप.

पेशंट आला की आधी हाताचं तापमान बघतात. 32 अंशांच्या खाली असेल तर टेस्ट सुरू होत नाही. पायासाठी ही मर्यादा 30 अंश. शेकायचं, पुन्हा मोजायचं, मगच पुढे. यात वेळ जातो म्हणून कुरकुर करू नका. चेतापेशीचा अक्षतंतू, म्हणजे संदेश नेणारा तिचा लांब धागा, शांत असताना आतून साधारण 70 मिलिव्होल्ट ऋण असतो. त्याच्या भिंतीतली, सोडियम आत सोडणारी दारं उघडली की तेवढ्या जागी तो क्षणभर धन होतो, आणि हाच बदल पुढे पुढे सरकत जातो, तोच संदेश. गारठ्यात ही दारं सावकाश हलतात. कातडी एक अंशाने गार झाली की संदेशाचा वेग सेकंदाला दीड ते अडीच मीटरने उतरतो. जानेवारीच्या सकाळी टू-व्हीलरवरून आलेल्याचा हात 28 अंशांवर असेल, तर धडधाकट नर्व्हही आजारी दिसू शकते. म्हणून इथल्या वेटिंग रूममधला एसी मात्र खटकतो. एकीकडे हात शेकायचे आणि दुसरीकडे माणसाला गारव्यात बसवायचं, हे बंद व्हायला हवं.

मनगटात दबणाऱ्या मीडियन नर्व्हची तपासणी इथे पाहण्यासारखी होते. अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, स्नायूच्या बरोबर मध्यावर एक इलेक्ट्रोड, दुसरा अंगठ्याच्या सांध्यावर, ग्राउंड हाताच्या पाठीवर. स्नायूवरच्या इलेक्ट्रोडपासून टेपने 8 सेंटीमीटर मोजून मनगटावर पेनाने खूण करतात आणि तिथे झटका देतात, एका मिलिसेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा. अंगठा टुणकन उडतो. मग तसाच झटका कोपराच्या आतल्या घडीपाशी.

दोन ठिकाणं कशासाठी? मनगटावरच्या झटक्यापासून स्नायूची लाट उमटेपर्यंतच्या वेळेत नर्व्ह आणि स्नायू यांच्या सांध्यावरचा वेळही मिसळलेला असतो. तिथे वीज थेट उडी मारत नाही. अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, पलीकडे पोचतं, मग स्नायू जागा होतो. कोपराच्या वेळेतून मनगटाची वेळ वजा केली की हा भाग निघून जातो. समजा 3.6 आणि 7.6 मिलिसेकंद आले आणि मधलं अंतर 22 सेंटीमीटर भरलं, तर वेग सेकंदाला 55 मीटर. टेप एक सेंटीमीटर चुकली तर उत्तर अडीच मीटरने हलतं. इथे अंतर दोनदा मोजतात.

झटका किती जोराचा, हेही नीट सांभाळतात. एकटा अक्षतंतू एकतर पूर्ण पेटतो किंवा अजिबात नाही, अर्धवट काही नसतं. पडद्यावरची लाट मोठी होते ती जास्त तंतू सामील झाल्यामुळे. लाट वाढायची थांबली की करंट आणखी सुमारे 20 टक्के वाढवून मगच नोंद घेतात. करंट कमी असतानाच थांबलं तर तंतू कमी भासतात. फार वाढवलं तर शेजारची अल्नर नर्व्हही उठते आणि लाटेची सुरुवात खाली झुकते. ती झुकलेली दिसताच इथे पुन्हा घेतात.

रिपोर्टमध्ये आकडे आणि लाटांचे आलेख दोन्ही मिळतात, आणि ते हवेतच. तंतूभोवतीचं मायलिनचं (चरबीयुक्त) वेष्टन खराब झालं की संदेश वेष्टनातल्या फटीफटींवरून उड्या मारत जाऊ शकत नाही, वेग पडतो. तंतूच मेले तर वेग बऱ्यापैकी टिकतो, लाटेची उंची कोसळते. नुसतं ‘नॉर्मल/अ‍ॅबनॉर्मल’ लिहिलेल्या कागदावरून हा फरक कसा कळणार?

तक्रार आहे ती पायाच्या रिपोर्टबद्दल. मणक्यातली गादी सरकून पाऊल बधिर झालं, तरी पोटरीच्या सुरल नर्व्हची संवेदना-लाट (संवेदना नेणाऱ्या तंतूंची लाट) बहुधा नॉर्मलच येते. संवेदी चेतापेशीचं मूळ शरीर मज्जारज्जूच्या बाहेर, मणक्यांच्या फटीजवळच्या गाठीत असतं. गादीचा दाब सहसा त्याच्याही अलीकडे, मज्जारज्जूच्या बाजूला पडतो. म्हणून पेशी आणि तिचा पायाकडचा तंतू शाबूत राहतात. हे दोन ओळींत लिहून द्यायला काय हरकत आहे? नाहीतर ‘बधिरपणा आहे आणि टेस्ट नॉर्मल’ म्हणून माणूस घाबरतो किंवा खोटा ठरतो. तळपायांची आग होणाऱ्या मधुमेहींचंही तेच. ही टेस्ट जाड, मायलिनवाल्या तंतूंची. आग आणि चटके नेणारे बारीक तंतू सेकंदाला मीटर-दोन मीटरने चालतात आणि यात पकडलेच जात नाहीत. ही बाब रिपोर्टवर छापलेली असायला हवी.

टेस्टला जाताना क्रीम, तेल, मेंदी काही लावू नका. बोटाची संवेदना-लाट मायक्रोव्होल्टमध्ये असते, तेलकट कातडीवर ती गोंगाटात बुडते. सैल बाह्यांचे कपडे घाला, अंगठ्या घरी ठेवा. पेसमेकर असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. सुईची ईएमजीही (स्नायूत सुई घालून त्याची वीज बघायची तपासणी) करायची असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं नाव सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणि अपघातात नर्व्ह तुटल्याची शंका असेल, तर इथे चौथ्या दिवशी टेस्ट उरकून पैसे घेत नाहीत, साधारण तीन आठवड्यांनी बोलावतात. तुटलेला खालचा तुकडा पहिले काही दिवस झटक्याला उत्तर देतच राहतो. तेव्हाची लाट पाहून नर्व्ह शाबूत समजली, तर ऑपरेशनचा निर्णय चुकू शकतो.