तलावपाळीवर काय न्यावे: जलरंग की तैलरंग?

ठाण्यात स्पॉटवर बसून निसर्गचित्रण सुरू करणाऱ्याने माध्यम ठरवताना स्वतःच्या आवडीइतकाच इथल्या हवेचाही विचार करावा. १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेत जलरंगांना मान आहे आणि सामानही पिशवीत मावते, म्हणून बहुतेक जण डोळे झाकून तेच घेतात.

परंतु जलरंग पाणी उडून गेल्यावरच वाळतात, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त हवामानावर असते. मे महिन्यात मासुंदा तलावाच्या, म्हणजे तलावपाळीच्या काठी उन्हात बसलात, तर आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) खाली ओढेपर्यंत वरची कड सुकून तिथे रेघ उमटते. जुलैत येऊरच्या पायथ्याशी तोच वॉश इतका वेळ ओला राहतो की डोंगराचा हिरवा सरळ ढगात शिरतो. धीर न धरता त्यावरच झाडे काढायला घेतल्याने माझे पहिल्या पावसाळ्यातले तीन-चार चांगले, जाड (३०० जीएसएमचे) कागद वाया गेले. शिवाय पाण्यावरची चमक म्हणजे कोरा ठेवलेला कागद. ती आधी राखली नाही, तर नंतर आणता येत नाही.

तैलरंगांतील जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून घट्ट होते, म्हणून दमट हवेतही काम अडत नाही, आणि चुकलेला भाग चाकूने खरवडून पुन्हा रंगवता येतो. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खाडीच्या चिखलातले करडे-जांभळे रंग मला तरी तैलरंगातच नीट सापडले. अडचण परतताना येते: कॅनव्हास पुढे कित्येक दिवस ओलाच असतो आणि रंग पातळ करायचे टर्पेंटाइन ज्वालाग्राही असल्यामुळे ते घेऊन लोकलने जाणे योग्य नाही. वापरलेले टर्पेंटाइन तलावात तर ओतूच नये.

पाण्यात कालवायच्या, पण तैलरंगांसारख्या एकावर एक चढवता येणाऱ्या ॲक्रिलिकचा मध्यममार्ग अनेक जण सुचवतात, पण उन्हात ते पॅलेटवरच सुकते आणि मग पाण्याने सुटत नाही.

ज्याला फक्त रविवारची सकाळ मिळते, त्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जलरंग घ्यावेत आणि कागद लहान ठेवावा, कारण दीड-दोन तासांत सावल्या बदलतात. उपवन तलावाजवळ राहणाऱ्याला मात्र रोज त्याच वेळी त्याच जागी बसता येते आणि ओला कॅनव्हास हातात धरून चालत घरी नेता येतो. त्याने तैलरंगच घ्यावेत.