भैरवीनंतर काय वाजतं?

स्पॉटिफाय घेऊ, यूट्यूब म्युझिक घेऊ, अ‍ॅपल म्युझिक की जिओसावन, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, ऐकता काय? नव्या सिनेमांची गाणी ऐकत असाल तर यातलं कुठलंही घ्या, फार फरक पडणार नाही. पुढचं सगळं ख्याल, नाट्यपदं, अभंग, भावगीतं ऐकणाऱ्यांसाठी आहे. गाण्यांची संख्या, आवाजाचा दर्जा, महिन्याचे पैसे हे जाहिरातीतच कळतं, त्यात शिरत नाही. वापरायला सोपं कोणतं, एवढंच बघू.

या चौघांकडे वळण्याआधी मी बरीच वर्षं एक वेगळंच अ‍ॅप वापरत होतो. नाव घेत नाही. गाणी भरपूर होती, पैसेही बेताचे. त्रास एकच होता. एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावावं: संथ लयीतलं विलंबित, मग जलद द्रुत, मध्ये एखादा अभंग, शेवटी भैरवी. भैरवी झाली की मैफल उठते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्या अ‍ॅपला मात्र शांतता म्हणून सोसत नसे. शेवटचा सा अजून कानात असायचा आणि वरातीतलं ढणढणाटी गाणं सुरू व्हायचं. अभंगही मराठी आणि ते गाणंही मराठी, एवढाच बहुधा त्याचा हिशोब. हे आपोआप पुढे वाजणं बंद करण्याची सोय होती, नाही असं नाही. पण कुठल्याशा मेनूच्या पोटात, आणि अपडेट आलं की पुन्हा चालू. रात्री दिवा मालवून ऐकणाऱ्याला हे किती लागतं ते तोच जाणे. घरचे म्हणाले, एवढ्यासाठी अ‍ॅप बदलतात का? मी बदललं.

त्यामुळे नवं अ‍ॅप पाहताना माझी परीक्षा ठरलेली होती. शेवटचं गाणं संपल्यावर हे गप्प बसतं का, आणि याला गप्प बसवायला किती खटपट पडते?

स्पॉटिफायमध्ये सेटिंगमध्ये प्लेबॅक म्हणून भाग आहे, तिथे ऑटोप्लेचं बटण. एकदा बंद केलं की संपलं. माझ्याकडे तरी ते आपणहून पुन्हा चालू झालेलं नाही. अ‍ॅपल म्युझिकमध्ये हीच सोय पुढच्या गाण्यांच्या यादीत आहे. तिथे आडव्या आठसारखं अनंताचं चिन्ह असतं, ते दाबायचं. माहीत असलं तर एका बोटाचं काम. पण त्या चिन्हाचा अर्थ हा, हे सांगितल्याशिवाय कुणाला सुचेल असं वाटत नाही, निदान माझ्या वयाच्या माणसाला तरी. यूट्यूब म्युझिकमध्येही बटण पुढच्या यादीतच आहे आणि त्यावर शब्दांत लिहिलेलं असतं, ही चांगली गोष्ट. फक्त त्याचा स्वभाव मुळात रेडिओचा. शोधून एखादं गाणं दाबलंत की त्यामागे तो आपल्या मनाने रांग लावतो. मूळ ध्वनिमुद्रिकेच्या क्रमाने ऐकायचं असेल तर आधी अल्बम उघडायचा आणि तिथून सुरू करायचं. सवय होते, पण लावून घ्यावी लागते.

जिओसावनबद्दल थोडक्यात. २०१८ साली सावन आणि जिओम्युझिक एकत्र होऊन ते झालं. सुरुवातीलाच कोणत्या भाषेतली गाणी हवीत ते विचारतं आणि मराठी सांगितलं की मराठी समोर ठेवतं. घरात दिवसभर काहीतरी वाजत राहावं असं ज्यांना वाटतं त्यांना ते आवडेल. माझी गरज नेमकी उलटी आहे, म्हणून मी तिथे रमलो नाही. दोष माझ्या गरजेचा म्हणा हवं तर.

आता आणखी एक बाब, जिच्याबद्दल कुठे फारसं लिहिलेलं दिसत नाही. जुन्या एलपी तबकडीच्या एका बाजूला साधारण वीस मिनिटं मावत, त्यात गवई विलंबित मांडून द्रुतावर येत. ऐकणाऱ्याला तो एकच सलग प्रवास असे. डिजिटल प्रतींमध्ये बहुतेक वेळा त्याचे दोन ट्रॅक केलेले असतात. अशा वेळी अ‍ॅपने मध्ये जागा सोडली तर ठेच लागते. आणि क्रॉसफेड चालू असेल, म्हणजे एक गाणं विरताना दुसरं वर चढवण्याची सोय, तर त्याहून वाईट. संपत आलेल्या विलंबित एकतालावर द्रुत तीनताल येऊन आदळतो. पार्टीसाठी ती सोय छान असेल. स्पॉटिफायमध्ये क्रॉसफेड शून्यावर आणून गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये जागा न सोडण्याची सोय, चालू ठेवा. ऑटोप्लेच्या आसपासच हे सापडेल, म्हणजे एका बैठकीत दोन्ही कामं उरकतात. अ‍ॅपलमध्येही क्रॉसफेड बंद करता येतं.

शोधण्याच्या बाबतीत मात्र यूट्यूब म्युझिकला तोड नाही, हे कबूल करायलाच हवं. देवनागरीत लिहा, रोमनमध्ये लिहा, स्पेलिंग चुकवा, त्याला कळतं. गायक जितेंद्र अभिषेकीबुवांचं नाव रोमनमध्ये किती तऱ्हांनी लिहितात ते पाहिलंत की याची किंमत कळेल. नावाआधी कुणी पंडित लावतं, कुणी नुसतं पं. आणि साठाही प्रचंड, कारण मूळ यूट्यूबवर लोकांनी चढवलेल्या गोष्टीही तिथे वाजतात: खासगी बैठका, आकाशवाणीवरून कुणी टेपवर उतरवून घेतलेलं गाणं, संगीत नाटकांचे प्रयोग. तो पुण्याचा जुना बाजार आहे. हवं ते मिळेल, पण धुंडाळणं तुमच्याकडे. रागाचं नाव चढवणाऱ्याने जे लिहिलं ते, कधी बरोबर, कधी बागेश्रीचा रागेश्री झालेला. आज असलेलं उद्या हक्कदाराने काढायला लावलं तर यादीत नुसती राखाडी ओळ उरते.

तुमच्याकडे कॅसेटवरून संगणकावर उतरवलेला स्वतःचा संग्रह असेल तर पारडं आणखी यूट्यूब म्युझिककडे झुकतं. संगणकावरून एक लाखापर्यंत गाणी स्वतःच्या खात्यात चढवता येतात आणि मग कुठूनही ऐकता येतात. स्पॉटिफाय तुमच्या फाइल दाखवतं, पण त्या त्या फोनमध्ये किंवा संगणकावर असाव्या लागतात. माझ्याकडे असा संग्रह थोडासाच आहे, तेव्हा मला हे आड आलं नाही. ज्यांच्या कपाटात खोकी भरून कॅसेट आहेत त्यांनी माझं ऐकू नये.

प्रवासात ऐकायचं तर डाउनलोड हवंच. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे कुणाचंच नेटवर्क कामाला येत नाही. योग्य प्लॅनचे पैसे भरले की डाउनलोड सगळीकडे मिळतं, आणि स्पॉटिफाय काय, यूट्यूब म्युझिक काय, तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडावं लागतं. फुकटात भागवायचं असेल तर एक लक्षात ठेवा, आपल्याकडे साध्या यूट्यूबवर फोनचा पडदा बंद केला की गाणंही थांबतं.

रात्री ऐकता ऐकता झोप लागणाऱ्यांसाठी स्पॉटिफायच्या अ‍ॅपमध्येच झोपेचा टायमर आहे. आयफोनवर घड्याळाच्या टायमरमध्ये शेवटी घंटेऐवजी वाजणं थांबवण्याचा पर्याय निवडता येतो. तो कुठल्याही अ‍ॅपला चालतो, पण गाण्यासाठी घड्याळात जायचं हे डोक्यात यायला हवं.

तर मी स्पॉटिफायचे पैसे भरतो आणि दुर्मीळ काही हवं झालं की फुकटच्या यूट्यूबवर जातो, संगणकावर. तुमचं ऐकणं मैफलीसारखं, सुरुवात आणि शेवट असलेलं असेल तर तुम्हालाही हेच जमेल असं वाटतं. शोधत भटकणं हाच तुमचा आनंद असेल तर यूट्यूब म्युझिक घ्या, मी हरकत घेणार नाही. दोन्हीकडे आपल्या प्लेलिस्ट कुठेतरी कागदावर किंवा फाइलमध्ये उतरवून ठेवा. अशी अ‍ॅप बंदही पडतात: गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झालं, रेसो आणि विंक दोन्ही २०२४ साली.

आणि फॅमिली प्लॅन स्वस्त दिसतो म्हणून घाई करू नका. स्पॉटिफायच्या अशा प्लॅनमधले सगळे एकाच पत्त्यावर राहणारे असावेत अशी अट आहे. मुलगा हिंजवडीत आणि आईवडील साताऱ्यात असतील तर साताऱ्याचं खातं वेगळं काढायचं, आणि ऑटोप्ले तिथे जाऊन आपणच बंद करून द्यायचं.