सोलरच्या स्टँडला बोल्ट कोणता: ८.८ की एसएस?

रत्नागिरीहून भाच्याचा फोन. "मामा, गच्चीवरच्या स्टँडला एम१० (१० मिमी जाडीचे) बोल्ट हवेत. दुकानदार ८.८ म्हणतो, शेजारी म्हणतो एसएसच, म्हणजे स्टेनलेस स्टीलच घे."

म्हटलं, आधी बोल्टच्या डोक्यावरचे आकडे वाच. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे तुटायची ताकद ८०० एमपीए (मेगापास्कल, ताणाचं माप). दुसरा सांगतो की त्याच्या ८० टक्क्यांवर, ६४० ला, बोल्ट कायमचा ताणला जातो. एसएसवर बहुधा ए२-७० असतं: तुटायला ७००, ताणायला ४५०. चकचकीत असला तरी ताकदीत मागेच.

गंजाचं उलटं. ८.८ वरचा झिंकचा पातळ मुलामा कोकणात फार पावसाळे काढत नाही. खाऱ्या वाऱ्यात ए२ वरही तांबूस डाग पडतात, तिथे ए४, म्हणजे गंजाला जास्त दाद न देणारं एसएस.

किंमत? एसएस महाग, ए४ त्याहून.

आणि एसएसची एक खोड: कोरडा नट मशीनने सर्रकन आवळला की आटे एकमेकांत चिकटतात. माझा एक शेवटी ग्राइंडरने कापला. अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावून हातपान्याने सावकाश आवळायचं.

तुझ्या गच्चीला ए४. समुद्रापासून लांब असतास तर ए२ चाललं असतं. जिथे भार जास्त आणि जागा कोरडी, तिथे झिंकचा ८.८. पैसे कमी असतील तर हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून जाड थर दिलेला) ८.८ घे, नटही त्याच्याच जोडीचा, साधा नट त्या जाड थरावर चढत नाही.