तीनचाकी सायकल : आठ महिन्यांनंतर, एका खटक्याविषयी

आठ महिन्यांत या तीनचाकीमुळे मला तीनदा धडपडावे लागले आणि त्यांपैकी दोन वेळा चूक माझी होती. तिसऱ्या वेळची चूक हँडलच्या डाव्या बाजूला बसवलेल्या नखाएवढ्या एका खटक्याची आहे, आणि त्यावरून परवा दुकानदाराशी वाजल्यामुळेच हे लिहीत आहे.

अर्धांगवायूनंतर माझा डावा हात पकड धरत नाही आणि डावे पाऊल पायडलवरून घसरते. पावलाचा प्रश्न टाचेला आधार देणाऱ्या पट्ट्याने पहिल्याच आठवड्यात सुटला. दुचाकीवर पाऊल असे बांधून घेणे धोक्याचे ठरले असते. इथे थांबल्यावर पाय टेकावाच लागत नाही. सीटवर बसल्या बसल्या थांबता येणे, दम घेता येणे आणि पुन्हा निघता येणे, एवढ्यासाठीही मी ही सायकल घेतली असती.

वळणांबाबत मात्र माझे मत बदलले आहे. पहिला महिनाभर मी ही सायकल परत करण्याच्या विचारात होतो, कारण ती सारखी रस्त्याच्या कडेला ओढ घेत असे आणि वळताना उलटेल असे वाटे. एकदा ती खरोखरच कलंडली : वेगात उजवीकडे वळताना आतले चाक उचलले गेले, मी घाबरून अंग बाहेर टाकले आणि कुंपणात जाऊन पडलो. दुचाकी वळणावर स्वतःच झुकते, तीनचाकी झुकत नाही, त्यामुळे तोल सायकलीने नव्हे तर आपल्या धडाने आतल्या बाजूला न्यायचा असतो, हे कळायला मला सहा आठवडे लागले. डावीकडे वळताना मी आजही चालण्याच्या वेगावर येतो, कारण त्या बाजूला झुकल्यावर परत सरळ होण्याचा भरवसा नसतो. दुसऱ्यांदा मागचे चाक फाटकाच्या खांबाला अडकून गचका बसला. पुढचे चाक सुटले म्हणजे आपण सुटलो, ही दुचाकीची सवय. मागची चाके दोन्हीकडे वीतभराहून जास्त बाहेर असतात.

आता तो खटका. पुढचा ब्रेक उजव्या हाताला आणि मागचा डाव्या हाताला आहे, आणि सायकल जागच्या जागी जखडून ठेवणारा खटका फक्त डाव्या ब्रेकला दिलेला आहे. उतरण्यापूर्वी मला उजवा हात पलीकडे नेऊन ब्रेक दाबावा लागतो आणि त्याच हाताच्या अंगठ्याने खटका आत ढकलावा लागतो. एके दिवशी किंचित उतारावर तो अर्धवट बसला, मी सीटवरून अर्धा उठलो आणि सायकल माझ्याखालून मागे निघून गेली. मी जमिनीवर बसलो होतो आणि ती चार हातांवर शांतपणे उभी होती. ज्यांना हात-पाय पूर्ण साथ देत नाहीत असेच अनेक जण ही सायकल घेतात, मग खटका कोणत्या हाताला हवा, हे विकण्यापूर्वी एकदा विचारायला काय जाते?

दुकानदाराचे म्हणणे असे की जोडणी कारखान्यातूनच अशी येते आणि तिला हात लावला तर वॉरंटी जाईल. एकाच मुठीने दोन्ही तारा ओढणारा ब्रेक मिळतो, हे मला ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून कळले. दुकानाने तो बसवण्यासाठी मागितलेली मजुरी ऐकून मी तो विषय तूर्त सोडला.

त्याऐवजी जुन्या ट्यूबचे दोन बोटे रुंदीचे एक कडे कापले. उजवा ब्रेक दाबायचा आणि त्याच हाताने कडे मुठीवरून ब्रेकवर सरकवायचे. सायकल जागची हलत नाही. चढ तीव्र असेल तर हलके पुढचे चाक ब्रेक लागलेला असूनही घसरते, म्हणून तिथे मी सायकल उताराला आडवी उभी करून वरच्या बाजूने उतरतो. गेल्या तीन महिन्यांत ती एकदाही निसटलेली नाही.

परवा दुकानदाराने ते कडे ताणून पाहिले आणि हे वॉरंटीत बसत नाही, एवढेच सांगितले. ट्यूब बरीच शिल्लक आहे. तिच्यातून अजून वीसेक कडी सहज निघतील.