दिल्ली बघायला मेट्रो की दिवसभराची गाडी?

कोल्हापूरहून निजामुद्दीनला जाणाऱ्या साप्ताहिक रेल्वेचं तिकीट झालं, आई-वडीलही सोबत आहेत. आता दिल्लीत फिरायचं कशानं?

खर्चात मेट्रोला तोड नाही. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेलात तरी तिकीट माणशी शंभराच्या आतच. भाड्याची गाडी बहुधा ‘८ तास, ८० किलोमीटर’ या बोलीवर मिळते, म्हणजे त्यापुढचे पैसे वेगळे. किलोमीटर कुठून धरणार, गॅरेजपासून की तुमच्या हॉटेलपासून, आणि पार्किंग कोण भरणार, हे आधीच विचारा. संध्याकाळचे वाद यावरूनच होतात.

जुन्या दिल्लीत गाडी नकोच. चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी ९ ते रात्री ९ मोटारींना बंदी आहे, त्यामुळे ती लांब सोडून चालावंच लागतं. लाल किल्ल्याला मात्र स्वतःचं मेट्रो स्टेशन आहे. कुतुबमिनारचं उलटं: स्टेशनला नाव मिनाराचं, पण मिनार तिथून दीडएक किलोमीटर, पुढे रिक्षा करावी लागते. इंडिया गेटही केंद्रीय सचिवालय स्टेशनपासून बरंच लांब आहे. गुडघे दुखणाऱ्यांना हे चालणं उन्हात झेपत नाही, लिफ्ट स्टेशनपुरतीच.

सोमवारी लाल किल्ला आणि अक्षरधाम दोन्ही बंद. ही दोन्ही त्या दिवशी ठरवू नका.

दोघं-तिघं धडधाकट असाल तर मेट्रो घ्या. वयस्कर माणसं असतील तर जुनी दिल्ली मेट्रोनं करा. कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि इंडिया गेट एका दिवसाच्या गाडीत बसवा.